आतडं अडलंय: ऑपरेशन आजच, की तीन दिवस थांबायचं?

अपेंडिक्स, सिझेरियन, गर्भाशय काढणं, असं काहीतरी कधीकाळी झालेलं असतं. त्याचे टाकेही विसरलेले असतात. मग एका रात्री पोटात कळा येतात, पोट फुगतं, हिरवट उलट्या होतात आणि वारा सरणं बंद होतं. सीटी स्कॅन बघून सर्जन सांगतात, "जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलीत, वाट अडलीय. थोडं थांबून बघू." घरच्यांचा जीव टांगणीला लागतो तो याच 'थोडं'मुळे. मावशीच्या वेळी आम्हीही तिथंच अडकलो होतो.

काहींना थांबायची मुभाच नसते, हे आधी समजून घ्या. आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल तर घड्याळ विरोधात जातं. येऊन-जाऊन येणाऱ्या कळांऐवजी दुखणं सलग राहतं, पोटाला हात लावू देववत नाही, ताप येतो, नाडी धावते, रक्तात पांढऱ्या पेशी आणि लॅक्टेट (प्राणवायू कमी पडल्यावर वाढणारं आम्ल) वाढतं. सीटीत आतड्याचा वेढा दोन्ही टोकांना आवळलेला दिसतो, किंवा त्याच्या भिंतीत रक्त नीट पोचत नाही. असं काही असेल तर संमतीपत्रावर सही करायला "मुलगा येईपर्यंत" थांबू नका. उशीर झाला तर काळं पडलेलं आतडं कापून काढावं लागतं.

यातलं काहीच नसेल तर थांबणं हाच बहुतेकदा योग्य उपचार असतो. अशा पेशंटपैकी साधारण 70 ते 90 टक्के लोकांची वाट ऑपरेशनशिवाय मोकळी होते. पण थांबणं म्हणजे नुसतं पडून राहणं नव्हे. तोंडानं काही द्यायचं नाही, नाकातून पोटात घातलेली नळी (रायल्स ट्यूब), सलाईन, पोटॅशियमकडे लक्ष, लघवीचं माप आणि सर्जनचा हात पुन्हापुन्हा पोटावर. सोबत गॅस्ट्रोग्राफिन नावाचं, एक्स-रेत दिसणारं औषध नळीतून देतात आणि 24 तासांच्या आत एक्स-रे काढतात. ते मोठ्या आतड्यात उतरलेलं दिसलं तर बहुधा ऑपरेशन टळतं. उतरलं नाही तर तयारीला लागायचं. हे करणार आहात का, एवढं सर्जनना जरूर विचारा. माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न तोच.

"एकदाचं सोडवून टाका" असं आमचे काका म्हणत होते. पण चिकटलेली आतडी सोडवताना त्यांना भोक पडू शकतं, आणि पोट उघडलं की नव्यानं चिकटायलाही कारण मिळतं. आतडी चिकटून वाट अडण्यावरच्या, सर्जनांसाठीच्या 2017 सालच्या बोलोन्या मार्गदर्शक तत्त्वांत पुन्हा दाखल व्हावं लागण्याचे आकडे आहेत: ऑपरेशनशिवाय बरे झालेल्यांत वर्षभरात 12 टक्के, पाच वर्षांत 20, ऑपरेशन झालेल्यांत 8 आणि 16. फरक आहे, पण तेवढ्यासाठी पोट उघडावं इतका मोठा नाही. दुर्बिणीतून करता आलं तर दवाखान्यातले दिवस थोडे कमी होतात. मात्र फुगलेल्या पोटात ते प्रत्येकाला जमत नाही.

मला खरी भीती तिसऱ्या पर्यायाची वाटते: मुदतच न ठरवता थांबण्याची. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत 72 तासांपर्यंत थांबणं सुरक्षित मानलंय. त्यानंतरही नळीतून भरभरून पाणी येत असेल तर "अजून एक दिवस बघू" म्हणण्यात पेशंटची ताकद जाते, गुंतागुंत वाढते. तिथं मी ऑपरेशनच्या बाजूनं आहे. मागचं ऑपरेशन होऊन दोन-चार आठवडेच झाले असतील तर मात्र हिशेब वेगळा. तेव्हा सर्जन बऱ्याचदा मुद्दाम जास्त थांबतात.

मावशीच्या नळीच्या पिशवीवरचा आकडा मी वहीत लिहीत होते. पहिल्या दिवशी 900 मिली, दुसऱ्या दिवशी 350. दुसऱ्या रात्री कळा थांबल्या तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडला, पण सिस्टरनी पहिलं विचारलं, "वारा सरला का?" सरला नव्हता. पोट तसंच फुगलेलं असताना दुखणं एकदम थांबलं तर त्याला बरं होणं समजायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. त्यांनी रात्रीच येऊन पोट तपासलं. पहाटे मावशी लाजत पुटपुटली, "सरला गं." तेव्हा कुठे सिस्टर हसल्या.