किंग्स्टनची डान्सहॉल सहल : दुपार भरघोस, रात्र अर्धवट

जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, परदेशी पाहुण्यांना संगीताच्या जुन्या जागा दाखवून रात्री एखाद्या डान्सला, म्हणजे मोठ्या स्पीकरांवर गाणी लावून होणाऱ्या नाचाच्या मेळाव्याला, नेऊन आणणाऱ्या काही खासगी सेवा आहेत. त्यांपैकी एकीची शनिवारची सहल मी घेतली. माणशी ९० अमेरिकी डॉलरमध्ये दुपारी ३ ते रात्री साडेबारापर्यंतची गाडी, वाटाड्या आणि डान्सचे प्रवेशशुल्क एवढे सगळे येते. दुपारच्या भागाबद्दल कौतुकाशिवाय लिहिण्यासारखे काही नाही. रात्रीच्या भागाबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती किरकोळ नाही.

वाटाड्या साठीचा गृहस्थ होता. तरुणपणी तो एका साऊंड सिस्टीमबरोबर (डान्ससाठी स्पीकर, तबकड्या आणि त्या वाजवणारी माणसे यांचा फिरता ताफा) ‘बॉक्समन’ म्हणून हिंडत असे, म्हणजे कपाटाएवढे स्पीकर ट्रकवर चढवायचे, उतरवायचे, रचायचे आणि पहाटे पुन्हा चढवायचे. इतिहास सांगतानाही त्याचे लक्ष वजनाकडे, तारांकडे आणि पैशांकडे असे, त्यामुळे त्याचे बोलणे पाठ केलेल्या माहितीसारखे कधी वाटले नाही. अशा डान्सवरून तिथल्या संगीतालाच डान्सहॉल म्हणतात, पण या शब्दातल्या ‘हॉल’मुळे छप्पर शोधू नका, हे त्याने आरंभीच बजावले. काही इमारती होत्याच, पण बहुतेक डान्स पत्र्याचे कुंपण घातलेल्या मोकळ्या आवारात होत. अशा आवाराला तिथे ‘लॉन’ म्हणतात, मग त्यात गवताची काडी नसली तरी चालते.

ऑरेंज स्ट्रीट आणि बाँड स्ट्रीट या भागांत त्याने आम्हाला दोन तास पायी फिरवले. १९५०च्या सुमारास वाद्यवृंद बोलावण्यापेक्षा तबकड्या वाजवणे स्वस्त पडू लागले आणि ज्यांच्याकडे दुकान होते ते या धंद्यात उतरले. ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या नावाजलेल्या सिस्टीमचा मालक टॉम वाँग हार्डवेअरचा व्यापारी होता, तर ड्यूक रीड हा माजी पोलीस मद्याचे दुकान चालवी. गर्दी जितका वेळ थांबेल तितकी बाटली खपेल, असा सरळ हिशेब होता. तबकड्या अमेरिकेतून येत आणि प्रतिस्पर्ध्याला गाण्याचा पत्ता लागू नये म्हणून त्यांवरचे लेबल खरवडून टाकले जाई. पुढे अमेरिकेतली आवड बदलली, हवी तशी गाणी मिळेनाशी झाली, तेव्हा रीड आणि दुसऱ्या एका सिस्टीमचे मालक कॉक्ससन डॉड यांनी स्थानिक कलावंतांकडून गाणी ध्वनिमुद्रित करून घ्यायला सुरुवात केली. स्का आणि त्यामागून रेगे हे जमैकन संगीतप्रकार या मार्गाने आले. जमैकातला ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय डान्सच्या गरजेतून वाढला, ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती. पण डॉड यांचा स्टुडिओ वन ज्या रस्त्यावर उभा राहिला तिथे उभे राहून ती ऐकताना त्यातली निकड जाणवली. शनिवारच्या रात्रीसाठी नवे गाणे हवे असे, म्हणून ते आठवड्यात तयार करावे लागे.

शब्दांचा एक घोळही त्याने सोडवला. बाकीचे जग ज्याला डीजे म्हणते, म्हणजे गाणी लावणारा, त्याला जमैकात ‘सिलेक्टर’ म्हणतात. तिथला ‘डीजे’ हा वाजत्या साथीवर लयीत बोलणारा असतो. यू-रॉय या डीजेने १९७०मध्ये हा प्रकार तबकडीवर आणून लोकप्रिय केला. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या कूल हर्क यांनी १९७३मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ज्या मेजवान्यांत तबकड्या वाजवल्या, त्यांतून हिपहॉप उभे राहिले, आणि त्यांच्या अवाढव्य स्पीकरांमागे हीच परंपरा होती. रेगेटोन या लॅटिन अमेरिकन नृत्यसंगीताचा सगळीकडे ओळखू येणारा ठेकासुद्धा १९९०च्या आसपासच्या जमैकन डान्सहॉलमधूनच निघाला आहे. इतका मोठा व्याप त्या थोड्याशा गल्ल्यांत मावलेला पाहणे, हे या सहलीचे खरे मोल आहे.

रात्री १० वाजता आम्ही डान्सच्या जागी पोहोचलो, तेव्हा तिथे आम्ही, सिलेक्टर आणि तेलाचे पिंप उभे कापून केलेल्या शेगडीवर कोंबडी भाजणारा विक्रेता, एवढेच होतो. पहिले दीड तास जुनी सोल गाणी, संथ रेगे आणि चक्क अमेरिकन कंट्री संगीत वाजत होते. ही सुरुवातीची पद्धत आहे आणि ती मला आवडलीही. कुंपणाच्या पत्र्याला तळहात लावला, तर बासचा प्रत्येक स्वर कानांआधी हातात पोहोचत होता आणि सैल झालेला एक खिळा स्वतःचा वेगळा ताल धरून वाजत होता.

साडेअकरानंतर सिलेक्टरने दिवाळी लावली. ही स्टीव्हन ‘लेन्की’ मार्सडेन यांनी रचलेली, टाळ्यांच्या अवघड ठेक्याची २००२मधली ‘रिदिम’, आणि तिचे नाव खरोखरच आपल्या सणाचे आहे. आपल्याकडे एका चालीवर वेगवेगळे शब्द बसवतात, पण रिदिमचे तसे नाही. इथे ठेका आणि बास मिळून होणारी साथ तेवढी एक असते आणि तिच्यावर प्रत्येक गायकाची चालही आपली, शब्दही आपले. २००३मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले शॉन पॉलचे गाणे याच साथीवरचे, आणि वेन वाँडरचे हळवे प्रेमगीतही याच साथीवरचे. सिलेक्टर एकातून दुसऱ्यात असा शिरला की टाळी एकदाही तुटली नाही. तिसऱ्या गाण्याच्या पहिल्या चार शब्दांनंतर लोकांनी कुंपण बडवायला सुरुवात केली, तशी त्याने तबकडी मागे ओढून गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले. गाणे पुढे जाऊ द्यायचे की नाही, हे तिथे श्रोते ठरवतात.

बारानंतर नर्तकांचे गट येऊ लागले. एक माणूस कॅमेरा आणि डोळे दिपवणारा दिवा घेऊन फिरत होता आणि तो प्रकाश ज्याच्यावर पडे तो नर्तक ठेवणीतली पावले बाहेर काढी. इथे नर्तकाला गायकाइतकाच मान असतो, हे तेव्हा कळू लागले होते. नेमके १२ वाजून २५ मिनिटांनी वाटाड्याने आमच्या खांद्याला हात लावला आणि गाडी उभी असल्याचे सांगितले.

माझी तक्रार हीच आहे. १९९७च्या ध्वनिनियंत्रण कायद्यानुसार शुक्रवारी आणि शनिवारी रात्री २ वाजेपर्यंत संगीत वाजवता येते, म्हणजे डान्सचा सगळा जोर शेवटच्या दीड-दोन तासांत असतो. ज्या सेवेला हे ठाऊक आहे, तिने पाहुण्यांना रिकाम्या आवारात दीड तास बसवून नेमके रंग भरताना उठवावे, याला सोय म्हणता येत नाही. शिवाय आम्हाला दोरी बांधलेल्या कोपऱ्यात खुर्च्या दिल्या होत्या. सुरक्षिततेचे कारण मी समजू शकतो, पण खुर्चीवर बसून डान्स पाहणे म्हणजे पंगतीला जाऊन वाढप्यांची लगबग पाहत राहणे.

दुसरी उणीव सांगण्यातली आहे. या संगीतातल्या समलिंगी व्यक्तींविरुद्धच्या हिंसक ओळी जगभर टीकेचा विषय झाल्या आणि २००९मध्ये जमैकाच्या प्रसारण आयोगाने उघड लैंगिक आशयाच्या ‘डॅगरिंग’ गाण्यांवर रेडिओ-दूरचित्रवाणीसाठी बंदी घातली. वाटाड्याने यातले काहीही आपणहून काढले नाही. विचारल्यावर मात्र तो मोकळेपणाने आणि बाजू न सावरता बोलला, त्यामुळे हा विषय ठरलेल्या कार्यक्रमातच का नाही, हे कोडे उरले.

तरीही ही सहल घ्यावी असेच मी सांगेन, पण केवळ दुपारचा भाग वेगळा मिळतो का हे आधी विचारावे. मला तो ४० डॉलरना मिळाला असता, हे नंतर समजले. परतताना, उशिरा निघणारी दुसरी गाडी ठेवता येणार नाही का, असे मी वाटाड्याला विचारले. तो म्हणाला की चालक तयार आहे, तो स्वतःही तयार आहे, पण बहुतेक पाहुण्यांना सकाळी ८ची समुद्रकिनाऱ्याची सहल गाठायची असते.