लेब्रॉन दोनदा गेला: 2010 आणि 2018

माणूस तोच, गाव तेच, पण निरोपात जमीन-अस्मानाचा फरक. जुलै 2010 मध्ये क्लीव्हलँडकडून खेळणाऱ्या बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने टीव्हीवर खास कार्यक्रमात सांगितलं, मी मायामीच्या संघात चाललो. क्लीव्हलँडमध्ये त्याच रात्री त्याच्या 23 नंबरच्या जर्स्या पेटल्या. क्लीव्हलँड संघाचा मालक डॅन गिल्बर्टने संतापून चाहत्यांना जाहीर पत्र लिहिलं, तेही कॉमिक सॅन्स या पोरकट दिसणाऱ्या फॉन्टमध्ये! 2 डिसेंबरला तो मायामीकडून तिथे खेळायला आला, तर बॉल हातात आला रे आला की हुर्यो. पठ्ठ्याने 38 गुण ठोकले, मायामी 118-90 ने जिंकली. जखमेवर मीठच.

2018 मध्ये तो लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे गेला, तेव्हा जाळपोळ नाही. नोव्हेंबरमध्ये लेकर्सकडून क्लीव्हलँडमध्ये खेळायला आला, तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

का? मधल्या काळात, 2014 मध्ये, तो क्लीव्हलँडच्या संघात परत आला होता आणि 2016 मध्ये अंतिम मालिकेत 3-1 च्या पिछाडीवरून विजेतेपद मिळवून दिलं होतं. शहराचं 52 वर्षांतलं पहिलं मोठं जेतेपद. शिवाय या वेळी टीव्हीचा तमाशा नव्हता. मला तर 2010 चा राग त्याच्या जाण्यापेक्षा त्या तमाशावरच जास्त होता असं वाटतं. शेजारच्या अ‍ॅक्रनचा, घरचाच पोरगा, आणि बातमी कळली टीव्हीवरून!