दोनदाच जेवायचं की सारखं थोडं थोडं? फॅटी लिव्हरला काय मानवतं

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आलं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक दीक्षितवाले, म्हणजे दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांत उरका, आणि दुसरे दिवेकरवाले, दर दोन तासांनी काहीतरी पोटात जाऊ दे.

दोनदावाल्यांचं लॉजिक पटतं, खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि ते वर असेपर्यंत साठलेली चरबी फारशी बाहेर निघत नाही, मधे मोठी गॅप पडली की निघते. पण आमचे काका दोनदा जेवतात म्हणजे कसं, तर पाच पोळ्या, वर भाताचा डोंगर आणि साखर घातलेल्या आमरसाच्या दोन वाट्या! साखरेतलं फ्रुक्टोज बरंचसं लिव्हरकडेच जातं, जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते.

थोडं थोडं खाल्लं की जेवणावर तुटून पडणं होत नाही हे खरं, फक्त ते फुटाणे-ताक असलं पाहिजे, ऑफिसात मात्र त्याचं दर वेळी चहा-खारी होतं.

चीनमध्ये ग्वांगझूला वर्षभर ट्रायल झाली, एक गट सकाळी ८ ते दुपारी ४ मधेच खाणारा, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही, कॅलरी दोघांच्याही कमी केलेल्या, आणि लिव्हरची चरबी दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरली. म्हणजे घड्याळापेक्षा ताट महत्त्वाचं. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हरची सूजही कमी होते, मग पद्धत कुठलीही असो. मला स्वतःला दोनदावालं झेपतं, पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका.