अरेका पाम घरात ठेवून बरेच महिने झाले: झाड उत्तम, टोकांवरून मात्र भांडण

अरेकाच्या पानांची टोकं करपताहेत अशी तक्रार मी नर्सरीकडे केली. 'पानांची टोकं करपणं हा दोष धरला जात नाही', असं नर्सरीवाल्यांचं उत्तर आलं आणि मी हा अनुभव लिहायला बसले. हमी होती ती झाड मेलं तर. झाड मेलेलं नाही. चांगलं ठणठणीत आहे, मधल्या सुया, म्हणजे मिटलेल्या नव्या झावळ्या, एकेक करून उघडताहेत, उंचीही घेतलीय. फक्त प्रत्येक झावळीच्या प्रत्येक पात्याचं टोक नखाएवढं तपकिरी. लांबून पाहणाऱ्याला दिसतही नाही. मला दुसरं काही दिसत नाही.

वर त्यांनी सल्ला दिला तो असा: 'वरून छाटून टाका, नवे फुटवे येतील.' हे मात्र कुणी ऐकू नका. पामच्या खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंड्याला. तो कापला की ते खोड संपलं, बाजूने फांदी येत नाही. अरेकाला बुंध्यातून नवी खोडं येतात हे खरं, पण कापलेलं खोड ती काही परत देत नाहीत. झाडं विकणाऱ्याला हे माहीत नसावं याचंच नवल वाटलं.

उंची किती, कुंडी केवढी हे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडून देते. खिडकीपाशी, थेट ऊन न लागता भरपूर उजेड मिळाला की अरेका खूश. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवाल तर मरणार नाही, पण झावळ्या लांब, विरळ आणि लोळणाऱ्या येतील. पानांच्या देठांवर बारीक काळे ठिपके असतात, ती कीड नव्हे, झाडाची जातच तशी आहे. घासत बसू नका. मांजराने पातं चघळलं तरी विषबाधेची भीती नाही. मात्र 'सागो पाम' म्हणून जे विकतात ते पाम नव्हेच, सायकस आहे, आणि कुत्र्या-मांजरांना ते चांगलंच विषारी. घरात प्राणी असतील तर ते दारातूनच परत पाठवा.

एक चीड आधी काढून टाकते. कुंडीवरच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत होतं: 'नासाने प्रमाणित केलेला हवाशुद्धीकारक.' हा दावा ज्याच्या जोरावर करतात तो शास्त्रज्ञ बी. सी. वोल्व्हर्टन यांचा नासासाठीचा अहवाल 1989 चा. प्रयोग बंद पेटीत झाले होते आणि त्या यादीत अरेका नव्हताच, बांबू पाम होता. अरेका आला तो त्यांच्या पुढच्या कामात. 2019 मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा की साध्या इमारतीत हवा खेळती असल्यामुळे जेवढी स्वच्छ होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. म्हणजे माणसांनी राहायचं कुठे? शोभेसाठी घ्यायचं असेल तर घ्या, शोभा भरपूर आहे. फुप्फुसांसाठी खिडकी उघडा.

आता टोकं.

ज्याला विचारावं तो सांगतो: हवा कोरडी आहे, पाणी फवारा. मलाही ते पटलं होतं, कारण झाड एसीच्या खोलीत होतं. फवारा मारला की पाच-दहा मिनिटं पानं ओली राहतात आणि मग खोलीतली हवा पुन्हा होती तशी. उलट पानं सतत ओली ठेवली की बुरशीचे डाग पडायचा धोका. पुढचा सल्ला आर्द्रता वाढवणाऱ्या यंत्राचा. एका यंत्राने हवा कोरडी करायची, दुसऱ्याने ती ओली करायची, आणि दोघांचं वीजबिल मी भरायचं! हे काही मी करणार नव्हते. म्हणून या लेखाचा पहिला मसुदा रागातच लिहून ठेवला होता: 'एसी असलेल्या घरात अरेका घेऊ नका. पाचपैकी दोन तारे.'

तो मसुदा पडून होता तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली आणि मत बदलावं लागलं. बाहेरच्या खोलीत, जिथे एसी नाही, तिथे याच नर्सरीचं दुसरं झाड आहे. त्याची टोकंही तशीच करपलेली. कदाचित थोडी जास्तच. दोन्ही कुंड्यांत मातीवर पांढरट पापुद्रा आणि कुंडीच्या काठाला क्षारांची कड. कोरड्या हवेने टोकं वाळतात हे खोटं नाही, पण इथे मुख्य गुन्हेगार ती नव्हती. पाणी होतं.

मुळांनी ओढलेलं पाणी पानापर्यंत जातं आणि पानातून वाफ होऊन उडतं. त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत, ते मागे राहतात, आणि राहतात ते वाटेच्या शेवटी, म्हणजे टोकाला. जिथे गाळ साचतो तेच आधी जळतं. पाण्यातलं फ्लोराइडही याच वाटेने टोकांना आणि कडांना जाऊन बसतं, आणि अरेका फ्लोराइडच्या बाबतीत हळवा आहे. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, फ्लोराइड नाही. उकळलं तर आणखी वाईट: पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची पेनासारखी काडी घरात होतीच. नळाचं पाणी चारशेच्या पुढे निघालं. मग सासूबाईंचा मुद्दा आला. आरओच्या नळीतून रोज बादलीभर पाणी मोरीत जातं, ते झाडांना घालायचं असा त्यांचा आग्रह. "पाण्यासारखं पाणी वाया घालवायचं का गं?" बचतीच्या बाबतीत मी एरवी त्यांच्या बाजूने असते. पण आरओ करतं काय? प्यायच्या पाण्यातले क्षार काढून टाकतं, आणि ते क्षार जातात याच वाया जाणाऱ्या पाण्यात. काडी बुडवून आकडा दाखवला. तो नळाच्या पाण्यापेक्षाही वर होता. "बरं, मग फरशी पुसू त्याने," म्हणाल्या. विषय मिटला, पाणीही वाया गेलं नाही.

आणि मग ज्या एसीला शिव्या घालत होते त्यानेच काम केलं. त्याच्या नळीतून बाहेर पडतं ते पाणी म्हणजे खोलीतल्या हवेचीच वाफ, गार कॉइलवर थंड होऊन ठिबकलेली. जवळजवळ डिस्टिल्ड वॉटर. काडीवर आकडा वीसच्याही आत. आजवर ते गॅलरीच्या पन्हाळीतून वाहून जात होतं. नळीखाली बादली ठेवली, तर रात्रभरात एवढं जमतं की दोन्ही कुंड्यांना पुरून उरतं. हवेतला ओलावा एसी काढून घेतो आणि मी तो मुळांपाशी परत करते. खर्च शून्य. इतका आनंद मला झाड विकत घेतानाही झाला नव्हता.

त्याआधी एकदा कुंडी मोरीत नेऊन धुवून काढली. कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट पाणी सावकाश ओतायचं आणि तळाच्या भोकांतून निघून जाऊ द्यायचं. हे नळाच्याच पाण्याने केलं तरी चालतं, साचलेला गाळ त्याहून कितीतरी दाट असतो. खालच्या बशीत उतरलेलं पाणी लगेच फेकायचं, नाहीतर माती तेच परत पिते. नर्सरीचं मिश्रण बहुतेक कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, असतं आणि पूर्ण सुकलं की ते आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतं. मग वरून घातलेलं पाणी कडेने खाली पळतं, बशी भरते, मुळांभोवतीचा गड्डा मात्र आत कोरडाच. आपल्याला वाटतं पाणी घातलं. बोट खुपसून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

एसीच्या पाण्याबद्दल दोन सूचना. सर्व्हिसिंगच्या दिवशीचं पाणी झाडाला घालू नका, कॉइल धुवायची रसायनं त्यात उतरतात. आणि या पाण्यात क्षार नाहीत तसं पोषणही नाही. जुन्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी, उजेडात धरल्यावर आरपार दिसणारे ठिपके आले तर पोटॅशची कमतरता समजा. पात्यांच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मधे हिरवं राहिलं तर मॅग्नेशियमची. खत घाला, पण पातळ आणि बेताने. सुपर फॉस्फेट टाळा, त्यात फ्लोराइड असतंच. अशी पिवळी झावळी घाईने कापू नका. झाड तिच्यातलं पोटॅश काढून नव्या पानाला देत असतं. ती कापली की तिच्या वरच्या झावळीवर पाळी येते.

निकाल सांगते. करपलेली टोकं हिरवी होत नाहीत, कधीच होणार नाहीत. ती कापायचीच असतील तर तपकिरी रेघ किंचित शिल्लक ठेवून कापा, हिरव्यात कात्री गेली की नवी कड करपते. पण पाणी बदलल्यानंतर उघडलेल्या झावळ्या टोकापर्यंत हिरव्या आहेत, एसीच्या खोलीतसुद्धा. अजून भिंग घेऊन बघते, हेही खरं.

बाकी गोष्टी थोडक्यात. लाल कोळी कोरड्या हवेत येतोच: पानं धुरकट, ठिपकेदार दिसतात, पात्याखाली बारीक जाळं असतं. न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुतली की बहुतेक जातो, पण दर आठवड्याला पुन्हा बघावं लागतं. दुसरं म्हणजे, कुंडी भरगच्च दिसावी म्हणून नर्सऱ्या एकाच कुंडीत रोपांची दाटी लावतात. आपण ज्याला एक झाड म्हणतो तो जमाव असतो. त्यातली बारीक खोडं मागे पडून सुकली तर घाबरू नका, उजेड नि जागा न मिळाल्याने ती जातात. सोडवून वेगळी करायचा मोह होतो, पण पामची मुळं ओढाताण सहन करत नाहीत. मी हात लावलेला नाही.

ज्यांच्याकडे उजेडच कमी आहे त्यांनी अरेकाच्या नादी न लागता केंटिया किंवा ऱ्हापिस पाम बघावा. दोन्ही हळू वाढतात, म्हणून महाग पडतात, पण कमी उजेडात तग धरतात. मॅजेस्टी पाम दिसायला राजेशाही, मुळात मादागास्करच्या नद्यांकाठचा. घरातल्या उजेडात नि कोरड्या हवेत तो दिवसेंदिवस रोडावत जातो. स्वस्त मिळाला तरी नको.

झाडाला साडेचार तारे. नर्सरीला एक, तोही पॅकिंगसाठी. ते खरंच चांगलं होतं, एकही पातं मोडलेलं नव्हतं.

एसी बंद असतो त्या महिन्यांसाठी आता पावसाचं पाणी झाकणाच्या पिंपात भरून ठेवलंय. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतात.