आठ महिने इंकटँक प्रिंटर वापरल्यावर: काना तुटतोय म्हणून शाई संपवू नका

प्रिंटर घेऊन आठ महिने झाले. फोटो मी छापतच नाही, सगळं काम मजकुराचं, तेही बहुतेक देवनागरी आणि १० पॉइंटमध्ये, त्यामुळे हा अनुभव फक्त अक्षरांपुरता. फोटोवाल्यांच्या उपयोगाचं यात काही नाही.

पहिले तीन महिने मस्त गेले. मग एक दिवस काना तुटायला लागला, म्हणजे उभी रेघ वरून खाली सरळ न येता मध्येच जिन्यासारखी सरकलेली, आणि गंमत म्हणजे शिरोरेषा एकदम व्यवस्थित. मी जे सगळे करतात तेच केलं, हेड क्लीनिंग, म्हणजे शाईचे थेंब सोडणाऱ्या हेडमधून शाई ढकलून ते साफ करणं. एकदा, दोनदा, चारदा. टाकीतली शाई डोळ्यादेखत उतरली (ती सगळी वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत जाते, आणि ते पॅड भरलं की ते वेगळंच दुखणं) पण काना तसाच. नोझल चेक (हेडची छिद्रं तपासायचं चाचणी पान) मात्र दर वेळी क्लीन. तिथेच कळायला हवं होतं राव. नोझल चेक फक्त कुठलं छिद्र चालू आहे ते सांगतो, थेंब नेमका कुठे पडतोय त्याचा अंदाज अलाइनमेंटच्या, म्हणजे थेंबांची जागा जुळवायच्या पानावरूनच येतो.

हेड पळता पळता थेंब सोडतं, आणि चालत्या गाडीतून टाकलेली वस्तू जशी पुढे जाऊन पडते तसा तो थेंबही पुढे पडतो. ढोबळ हिशेब करून बघा, हेड कागदाच्या १ मिमी वर, थेंबाचा वेग सेकंदाला ८ मीटर आणि हेडचा अर्धा मीटर धरला तर थेंब साधारण ०.०६ मिमी पुढे पडणार. जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या, म्हणजे फरक ०.१२ मिमी. ६०० डीपीआयला (इंचात ६०० ठिपके) दोन ठिपक्यांतलं अंतरच ०.०४२ मिमी असतं, म्हणजे जवळजवळ तीन ठिपके सरकले! म्हणून प्रिंटर दोन्ही दिशांना थेंब जरा आधीच सोडतो, आणि किती आधी ते अलाइनमेंट करताना ठरतं. शिरोरेषा आडवी, ती स्वतःच्याच लांबीत सरकते म्हणून दिसत नाही. मार खातो तो काना.

आता माझा शहाणपणा ऐका. जाड पाकिटं छापताना हेड घासू नये म्हणून ड्रायव्हरमधलं जाड कागदाचं सेटिंग ऑन केलं होतं आणि विसरलो. त्याने हेड वर उचललं जातं, थेंबाला जास्त उडावं लागतं आणि जुना हिशेब चुकतो. अनुस्वाराच्या बाजूला बारीक सावली यायची तीही त्यातलीच, थेंबाची शेपटी तुटून मागून येणारा पिल्लू थेंब अंतर वाढलं की आणखी लांब पडतो. सेटिंग काढलं, साध्या कागदावर अलाइनमेंट केलं, दोन पानांत काम झालं. तुम्हाला खात्री करायची असेल तर बायडायरेक्शनल (हेड जाताना-येताना दोन्हीकडे छापतं ते सेटिंग) बंद करून एक पान काढा, काना सरळ आला तर शाईचा काही संबंध नाही. वेळ बराच जास्त लागतो पण बारीक टाइपाला मी आता ते बंदच ठेवतो.

सहाव्या महिन्यात वेगळाच प्रकार, एका ठरावीक जागी अक्षरं दाटायची. हेडच्या मागे पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर अगदी बारीक रेघा, त्या मोजूनच प्रिंटरला आपण कुठे आहोत ते कळतं. तिच्यावर शाईचा डाग पडला होता. प्रिंटर बंद करून, दोरे न सुटणारं किंचित ओलं फडकं हलक्या हाताने फिरवलं, झालं. ओढू नका, तेल तर अजिबात नको.

शिरोरेषेतच पांढरी फट दिसली आणि नोझल चेक ठीक असेल तर मात्र कागद सरकवणाऱ्या रोलरकडे बघा, माझ्याकडे हा दोष एकदाच झाला.

ड्राफ्ट मोड (कमी शाईत घाईने छापायचं सेटिंग) मजकुरासाठी माझ्या मते बेकार. आणि कागद पातळ, शोषणारा असेल तर थेंब कितीही अचूक पडू दे, शाई तंतूंतून पसरते आणि 'ष्ट्य'च्या पोटातली जागा भरून जाते, तिथे कुठलंच अलाइनमेंट चालत नाही.