पासवर्ड बदलला तरी आमचे मेल बाहेर जातच होते

आमची संस्था छोटी, पगारी माणसं तीन, बाकी सगळे वेळ मिळेल तसं येणारे, त्यामुळे पावत्या पाठवणं, देणगीदारांना थँक्यू मेल करणं कायम मागे पडायचं म्हणून एक रिमोट असिस्टंट ठेवली. व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं, बाई नम्र, काम वेळेत, पहिले दोन महिने तर मी सगळ्यांना सांगत फिरत होते की असं माणूस मिळायला नशीब लागतं.

पावत्यांसाठी त्यांना काय लागणार, नाव, रक्कम, तारीख आणि मेल आयडी. पण आमची शीट एकच होती. एका टॅबवर देणगीदार आणि दुसऱ्यावर आम्ही ज्या बायकांना मदत करतो त्यांची माहिती, फोन, सध्या कुठे राहते, कुणापासून लपून राहते, सगळं. मी तो टॅब हाईड केला आणि अख्खी शीट एडिट ॲक्सेस देऊन शेअर करून टाकली. एडिट ॲक्सेसवाला माणूस हाईड केलेला टॅब दोन क्लिकमध्ये उघडतो, आणि आपण सेटिंग बदललं नसेल तर ती शीट पुढे कुणालाही शेअर करू शकतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

वर संस्थेच्या मेन मेलचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवला. लॉगिनचा कोड माझ्या फोनवर यायचा, तोही मीच पुढे पाठवायचे, एकदा तर दवाखान्याच्या रांगेत उभी राहून पाठवलाय. (हसू नका.)

मग एक दिवस एका जुन्या देणगीदार काकांचा फोन, ताई, नवीन अकाउंटवर पैसे टाकले, पावती नाही आली अजून. कुठलं नवीन अकाउंट? त्यांनी मेल दाखवला तर आमचंच नाव, आमचाच लोगो, डोमेनमध्ये, म्हणजे मेल आयडीत @ च्या पुढच्या भागात, फक्त एक अक्षर जास्त, आणि आत त्यांच्या मागच्या देणगीची रक्कम आणि तारीख अगदी बरोबर. मलाही शंका आली नसती.

मेलमध्ये लॉगिन असलेली डिव्हाइसेस बघितली, माझी वगळून चार. बाईंचा तर एकच लॅपटॉप होता ना? विचारलं तर म्हणाल्या भाऊ मदत करतो कधीकधी, आणि संध्याकाळी नंबर बंद. करार केला नव्हता, ओळखपत्राची कॉपी घेतली होती ती दुसऱ्याच कुणाची निघाली.

रात्रीच पासवर्ड बदलला, शेअरिंग काढलं, सुटलो म्हटलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका देणगीदारांना तसाच मेल, आणि त्यात त्यांनी आम्हाला आदल्या आठवड्यात लिहिलेल्या गोष्टीचा उल्लेख! डोकंच चालेना. शेवटी ओळखीच्या एका मुलाने मेलची सेटिंग्ज उघडली तर एक फिल्टर सापडला, देणगी शब्द असलेला प्रत्येक मेल गुपचूप बाहेरच्या एका पत्त्यावर फॉरवर्ड होत होता. पासवर्ड बदलल्याने फिल्टर जात नाही. म्हणून कुणाला कामावरून काढलं की फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, अकाउंटला कुठली ॲप्स जोडलीत ते बघा, रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर अकाउंट परत मिळवायचा, नंबर आणि मेल आपलाच आहे ना बघा, व्हॉट्सॲपची लिंक्ड डिव्हाइसेसही बघा. आणि डाउनलोड झालेली शीट कशानेच परत येत नाही, ॲक्सेस काढला तरी कॉपी त्यांच्याकडेच.

आता पावत्यांची फाईल वेगळी, तिच्यात चारच कॉलम. मदत करतो त्या बायकांच्या नावांच्या जागी नंबर लिहितो, कुठला नंबर कुणाचा ती यादी संस्थेतल्या दोघींकडेच. काम करणाऱ्याला स्वतःचा वेगळा लॉगिन, कोड कुणालाच पुढे पाठवायचा नाही, अध्यक्षांनी मागितला तरी नाही. याने काम जरा हळू होतं, होऊ दे.

देणगीदारांना कळवणं त्यामानाने सोपं होतं, चिडले, दोघांनी देणगी बंद केली, पण झालं. त्या बायकांना एकेकीला फोन करायला मला चार दिवस लागले. एकीने सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, माझा पत्ता पण होता का त्यात? हो म्हणाले. दोन दिवसांनी तिने घर बदललं. नवा पत्ता तिने सांगितला नाही, मी विचारलाही नाही.