सॉफ्टबॉलचं तात्पुरतं कुंपण: शेडनेट, मासेमारीचं जाळं की तयार किट?

कोकणात फक्त सॉफ्टबॉलसाठी राखलेलं मैदान क्वचितच मिळतं. त्याच पटांगणावर सकाळी सॉफ्टबॉल आणि संध्याकाळी अंडरआर्म क्रिकेट. म्हणून आउटफिल्डचं, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या कडेचं, कुंपण झटपट उभं राहायला हवं आणि तेवढ्याच लवकर गुंडाळताही यायला हवं. खरेदीला निघालं की चर्चा जाळीपासून सुरू होते, पण निर्णय घेते ती पायाखालची जमीन. खाली कातळ आहे, तांबडी माती आहे की पुळण (समुद्राकाठची वाळू), हे पहारीचे चार घाव घालून आधी बघा.

मग माप. होम प्लेटच्या (फलंदाजाच्या जागेच्या) मागच्या टोकापासून २०० फूट त्रिज्या धरली, तर तिथून काटकोनात निघणाऱ्या दोन्ही फाउल रेषांमधला चाप ३१४ फूट होतो. त्यात ३२ गाळे, म्हणजे ३३ खांब, आणि दोन खांबांत ९ फूट १० इंच. त्रिज्या २२५ फूट असेल तर चाप ३५३ फूट, खांब ३७ आणि अंतर तेवढंच. त्रिज्या मापायला नायलॉनची दोरी नको, ती ताणते. स्टीलचा टेप किंवा बारीक तार घ्या. फाउल रेषांचा काटकोन तपासायला ६० फुटी बेसच्या मैदानावर होम ते दुसरा बेस ८४ फूट १० इंच भरतो का ते पाहा. इथे चूक राहिली तर कुंपण एका बाजूला जवळ येतं आणि भांडण पंचांच्या गळ्यात पडतं.

शेडनेटचं गणित स्वस्तात जमतं. ३ मीटर रुंद, ५० मीटर लांब रोल उभा चिरला की दीड मीटर उंचीची १०० मीटर पट्टी मिळते, म्हणजे ३२८ फूट. २०० फुटी मैदानाला एक रोल पुरतो आणि १४ फूट उरतात. २२५ फुटीला मात्र २५ फूट कमी पडतात. दीड मीटरपैकी ४ फूट उभी ठेवा, वर ६ इंच दुमडून त्यात दोरी ओवा, उरलेली पट्टी खाली आतल्या बाजूला जमिनीवर लोळू द्या. ही लोळती पट्टी नसेल तर चेंडू खालून निसटतो आणि प्रत्येक वेळी खेळ थांबवून फलंदाजाला दोन बेस द्यावे लागतात. रंग गडद हिरवाच घ्या. बांधकामावरची नारिंगी जाळी स्वस्त असते, पण लवकर झोल धरते आणि पिवळा चेंडू तिच्यावर नीट उठून दिसत नाही.

शेडनेटचा खरा शत्रू दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात भरीव कापडाच्या एका गाळ्यावर २० ते २५ किलोचा रेटा येतो. ५० टक्के सावलीची शेडनेट त्यातला बराच वारा सोडते, ७५ टक्केवाली जवळपास शिडासारखीच फुगते. सावलीसाठी दुकानदार दाट जाळी सुचवेल. कुंपणाला विरळच बरी.

मासेमारीचं जुनं जाळं वाऱ्याला सगळ्यात सरस. अडचण आसाची, म्हणजे जाळ्याच्या भोकांच्या मापाची. सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच. आसाच्या चार बाजूंची बेरीज १२ इंच झाली, म्हणजे ताणून मोजलेला आस ६ इंच, की चेंडू जाळं फाकवून आरपार जाऊ शकतो. ताणून ४ इंचांच्या आतलंच घ्या. दुसरी अडचण जास्त गंभीर: मागे धावणाऱ्या फिल्डरला हे जाळं दिसतच नाही. वरच्या दोरीवर वायरिंगची पिवळी नळीदार पाइप उभी चिरून बसवा, आणि कुंपणाच्या १० फूट आत फक्कीची रेषा मारा. वापरण्याआधी जाळं गोड्या पाण्यात धुऊन घ्या. वास जातो आणि मीठही.

तयार किटमध्ये लवचीक खांब, जाळीला शिवलेली पिवळी कड आणि जमिनीत बसवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या येतात. तांबड्या मातीच्या मैदानावर याला तोड नाही. कातळावर मात्र त्या नळ्या ठोकल्या की फुटतात आणि महागडं किट गोदामात पडून राहतं.

मंडपवाल्याकडचे लोखंडी बॅरिकेड भाड्याने आणायचा मोह टाळा. त्यांचे पाय मैदानात येतात आणि धडकल्यावर ते वाकत नाहीत.

आता जमीन. मातीत दोन इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटी तुकडा जमिनीशी सपाट पुरा आणि त्यात दीड इंची पाइप किंवा माणग्याची (कोकणातल्या बांबूची) काठी उभी करा. जांभ्याच्या कातळात हॅमर ड्रिलने एक फूट खोल भोक पुरतं. जांभा मऊ असल्यामुळे काम होतं, फक्त भोकाच्या कडा झिजू नयेत म्हणून आत पाइप सिमेंटने बसवा. पुळणीत दोन फूट खोल जा, आणि टोकाच्या खांबांचे ताण (ओढून धरणाऱ्या दोऱ्या) वाळूने भरून पुरलेल्या गोणीला बांधा.

भोक पाडायची परवानगी नसेल तर रंगाच्या डब्यात काँक्रीट भरून खांब उभा करायची युक्ती हमखास सुचवली जाते. ती फसते. २० लिटरचा डबा ४८ किलोच्या आसपास भरतो, पण बूड फूटभरच असल्याने दोन फूट उंचीवर १२ किलोच्या रेट्यातच कलंडतो. शेडनेटखाली असे डबे ठेवू नका. त्यापेक्षा खांबाला मागच्या बाजूला तीन फुटी आडवी फळी जोडा आणि तिच्या टोकावर २० किलोची वाळूची गोणी ठेवा. वारा आउटफिल्डकडून होमकडे वाहत असेल तेव्हा हे उत्तम टिकतं. उलट दिशेच्या वाऱ्यात मात्र मागची गोणी उपयोगाची नाही, तेव्हा जाळंच वापरा.

वरची दोरी ५० किलोने ताणली तरी मधल्या खांबाला आतल्या बाजूला जेमतेम अडीच किलोचा ओढा बसतो. पूर्ण ५० किलो येतात ते दोन टोकांच्या खांबांवर. म्हणून तिरपा टेकू फक्त टोकांना द्या.

बांधायला बाइंडिंग तार नको, खाऱ्या हवेत गंजते आणि तिची टोकं हात फाडतात. काळे केबल टाय घ्या, खांबाला चार या हिशेबाने १३२, म्हणजे १५० आणून ठेवा. पांढरे उन्हात ठिसूळ होतात. सगळ्यात वरचा टाय बारीक ठेवा, फिल्डर धडकला तर तो तुटून जाळी झुकते.

वळिवाच्या दिवसांत कुंपण रात्री उभं सोडू नका. मोसम संपल्यावर पुरलेल्या नळ्यांना टोपणं लावायला विसरलात, तर पहिल्याच पावसात त्या चिखलाने भरतात आणि ऑक्टोबरात नव्याने खोदाव्या लागतात.